जुनी शिडाची होडी घेताना



फुलसावंगीहून कोणत्याही बाजूला निघालं तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आमच्या महागाव तालुक्यात पाणी म्हटलं की पैनगंगा, आणि मोठं पाणी म्हटलं की तिच्यावरचं इसापूरचं धरण. अशा गावातला माणूस रेडिओवर शिडाच्या होडीबद्दल बोलायला बसलाय म्हटल्यावर काहींनी आवाज वाढवला असेल, काहींनी केंद्र बदललं असेल. जे राहिलेत त्यांना सांगतो. माझी नोकरी नौदलात झाली, आणि माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासला, डॅलसजवळ राहतो. त्याचा फोन आला, "काका, बावीस फुटी शिडाची होडी विकायला आहे. ट्रेलरसकट. घेऊ का?"

आता आपल्याकडच्या किती घरांतली मुलं तिकडे आहेत! त्यांच्यापैकी कुणाला ना कुणाला हा मोह होणारच, कारण तिकडे तलाव भरपूर आणि जुन्या होड्याही भरपूर. म्हणून त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

ती होडी होती कॅटालिना २२. कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात १९६९पासून ही होडी बनू लागली आणि पंधरा हजारांहून जास्त बनल्या. आत चार माणसं कशीबशी झोपतात, छोटी शेगडी मावते, आणि मोटारीमागे जोडून हव्या त्या तलावावर नेता येते. होडी, ट्रेलर, मोटर आणि आतलं सामान धरून वजन दीड टनाच्या घरात जातं. म्हणून मी पहिला प्रश्न विचारला तो होडीचा नव्हताच. म्हटलं, "तुझी गाडी एवढं ओढते का?" तो गप्प. मग म्हणाला, "बघतो."

आपल्याकडे बैल घेताना जाणता माणूस शिंगांच्या रंगावर जात नाही. दात बघतो, खांदा चाचपतो आणि चार पावलं चालवून बघतो. होडीचंही तसंच. विकणारा पॉलिश करून, गाद्यांना नवी खोळ घालून ठेवतो. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

आधी ट्रेलर. होडी बघायला गेलेला माणूस ट्रेलरकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि घरी नेताना हायवेवर बेअरिंग जळून उभा राहतो. ट्रॅक्टरची ट्रॉली ज्याने वापरली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. जॅक लावून चाक उचल, हाताने फिरव, घरघर येते का ऐक. वरून आणि खालून धरून हलव, खेळ आहे का बघ. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं, कारण असे ट्रेलर वर्षाचे अकरा महिने उभेच असतात. शिवाय ही होडी आधी गॅल्व्हेस्टनच्या खाऱ्या पाण्यात होती, असं त्या विकणाऱ्याच्याच बोलण्यात आलं. खारं पाणी ट्रेलरच्या चौकोनी पाइपात आतून गंज चढवतं आणि वरून रंग शाबूत दिसतो. म्हणून हातोडीने ठोकून बघायचं. आमच्या गावातला कुठलाही वेल्डर हे काम डोळे मिटून करील.

आता मुख्य गोष्ट, कील. होडीच्या पोटाखाली जो जड पंखा असतो, त्याच्यामुळे ती वाऱ्याने कलंडली तरी परत उभी राहते. या होडीच्या जुन्या नमुन्यात हा पंखा ओतीव लोखंडाचा, सुमारे अडीचशे किलोचा, आणि वर-खाली होणारा. वर घेतला की होडी दोन फूट पाण्यात तरंगते, खाली सोडला की पाच फूट पाणी लागतं. ट्रेलरवर चढवता येते ती याच सोयीमुळे, आणि होडीचं सगळं दुखणंही इथेच. पंखा ज्या पिनीवर फिरतो ती झिजते, तिची भोकं लंबगोल होतात, मग पाण्यात लाटेगणिक खालून ठकठक आवाज येतो. पंखा उचलणारी तार गंजते. ती तार जिथून होडीच्या पोटात शिरते तिथे रबरी नळीचा एक तुकडा दोन क्लॅम्पने आवळलेला असतो. तो तुकडा कडक होऊन चिरला, की होडी उभ्या जागी पाणी घेते. म्हणजे शंभर रुपयांच्या नळीवर सगळी होडी! आणि गंमत अशी की होडी ट्रेलरवर बसलेली असताना ती पिन दिसतच नाही. होडी पट्ट्यांवर उचलून, पंखा खाली सोडून बघावा लागतो. विकणारा "त्याची काही गरज नाही" म्हणाला, तर ती गरज नक्की आहे असं समजावं.

कीलजवळ पाणी शिरणं ही जुनी कहाणी आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या इंग्रज खलाशाने १९६८-६९मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला माणूस. त्याची 'सुहैली' ही बत्तीस फुटी होडी आपल्या मुंबईत, कुलाब्याला, सागवानात बांधलेली. भर अटलांटिकमध्ये तिच्या कीलजवळच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं. गडी पाण्यात उतरला, बुडी मारून त्या फटीत कापूस ठासला आणि वरून पट्टी ठोकली. श्रोतेहो, कापूस! यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाने ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

कापसाचा आणखी एक उपयोग आहे. डोलकाठी उभी राहते ती स्टीलच्या वळलेल्या तारांवर. या तारांतला एखादा बारीक धागा तुटलेला असला तर डोळ्यांना दिसत नाही, आणि बोट फिरवलं तर रक्त निघतं. कापसाचा बोळा घ्यायचा आणि तारेवरून वरपासून खालपर्यंत ओढत न्यायचा. जिथे तंतू अडकतील तिथे तार तुटलेली. टोकांना जिथे तार धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे जास्त बारकाईने बघायचं, कारण पाणी तिथेच मुरतं. दहा वर्षांहून जुन्या तारा असतील तर मी बोळासुद्धा फिरवत नाही. बदलायच्या असंच धरून चालतो.

डेकवर चालून बघायचं, तेही अनवाणी. फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं. एखादा स्क्रू सैल झाला की त्याच्या भोकातून पावसाचं पाणी आत जातं आणि ते लाकूड कुजतं. पायाखाली दबल्यासारखं वाटलं तर समजून घ्यावं. स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन वीत-वीत अंतरावर ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. डोलकाठीच्या बुडाशी आणि तारा जिथे डेकला जोडल्या आहेत तिथे बद्द आवाज आला, तर किमतीची घासाघीस करत बसू नये; घरी यावं.

शिडं उघडून उन्हात धरायची आणि शिवणीवर नख घासायचं. दोरा तुटला तर ऊन खाल्लेलं शीड. मोटर थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला लावायची. आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारायचं.

कागदपत्रांत एकच नीट सांगतो. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२पासून बनलेल्या प्रत्येक होडीवर, मागच्या बाजूला उजवीकडे, बारा अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो. तो कागदावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, तेही मागायचे.

जुनं म्हणजे वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. भारतीय सैन्याच्या इंजिनिअर दलाच्या जवानांनी 'तृष्णा' नावाची सदतीस फुटी होडी सेकंडहँडच घेतली होती. सप्टेंबर १९८५मध्ये ते मुंबईहून निघाले आणि जानेवारी १९८७मध्ये पृथ्वीला वळसा घालून परत आले. होडी जुनी होती, पण तिची तपासणी आणि डागडुजी करणारे हात जाणते होते.

एक गोष्ट जरा जड मनाने सांगतो. ऑगस्ट २०२१मध्ये आमच्या फुलसावंगीतला एक तरुण वेल्डर, स्वतःच्या हाताने बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं तुटून गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्या हुन्नराचं कौतुक सगळ्या महाराष्ट्राने केलं, पण गावाने पोरगा गमावला. म्हणून पुतण्याला बजावलं, पहिल्या दिवशी वारा सुटलेला असताना शीड चढवून दाखवायला सांगू नकोस, आणि तूही चढवू नकोस. डोलकाठी अॅल्युमिनियमची असते. ट्रेलरवर असतानाच ती उभी करायच्या नादात वरच्या विजेच्या तारेला लागून माणसं मेली आहेत. आपल्या शेतांवरून लोंबणाऱ्या तारा आपल्याला ठाऊकच आहेत. तिकडे तलावाच्या काठीही तारा असतात. आधी वर बघायचं, मग दोर ओढायचा.

पुतण्याने सगळं तपासून परत फोन केला. तारा जुन्या, टायर सात वर्षांचे, डेक बरा, आणि होडी उचलून पंखा दाखवायला विकणारा तयार नाही. मी म्हटलं, "सोड ती." अशा जुन्या होडीची किंमत थोडी असते, पण नवी शिडं, तारा आणि टायर यांचा खर्च कित्येकदा तिच्या किमतीच्याही वर जातो. त्याने सोडली. आता दुसरी बघतोय.

तुमच्या घरातलं कोणी तिकडे किंवा इकडे अशी होडी घेणार असेल, तर हे त्याला ऐकवा. आणि लाइफ जॅकेट मात्र जुनं घेऊ देऊ नका. ते नवंच घ्यायचं, माणशी एक.