कलमातले घर



आम्ही बँकेतले कारकून. करारातली कलमे वाचणे हा आमचा रोजचाच उद्योग. आज इंग्लंडमधील एका कलमाविषयी बोलू.

तेथील १९९० च्या नगरनियोजन कायद्याच्या कलम १०६ अन्वये बांधकामास परवानगी देताना स्थानिक परिषद बिल्डरशी करार करते. प्रकल्पातील काही घरे परवडणारी ठेवावी लागतात. बिल्डर ती कमी किमतीत हाउसिंग असोसिएशनला विकतो. ही आपल्यासारखी सहकारी सोसायटी नव्हे; माफक भाड्याने घरे देणारी, बहुधा नफा न वाटणारी संस्था असते.

पण 'हिशेब जुळत नाही' असे दाखवून बिल्डर घरांची संख्या कमी करून घेतात. शिवाय २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर असोसिएशनांचा जुन्या इमारतींच्या सुरक्षेवरील खर्च वाढला. नव्या घरांसाठी पैसा अपुरा पडू लागला. डिसेंबर २०२४ मध्ये बिल्डरांच्या फेडरेशनने सांगितले, की अशा किमान १७,००० घरांना घेणारी संस्थाच मिळालेली नाही. त्याच महिन्यात 'होम्स इंग्लंड' या सरकारी संस्थेने विकणारे व घेणारे यांची गाठ घालून देणारी सेवा सुरू केली.

मित्रहो, कलमात घर लिहिले म्हणजे गरिबाच्या हाती किल्ली आली असे नव्हे. म्हणून कोणताही गृहनिर्माण कायदा वाचताना तीन प्रश्न विचारा: बांधणार कोण, घेणार कोण आणि पैसा कोठून येणार?