सुपारीचा अर्थ कोण ठरवतो?

(पोफळी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या गावी हा वर्ग भरला आहे त्या गावाचे नाव हाच आजच्या विषयाचा पहिला पाठ आहे. पोफळी म्हणजे सुपारीचे झाड. हा शब्द ऐकताच जुन्या कोकणी माणसापुढे आगरातले उंच, सडसडीत झाड उभे राही. परंतु कोयनेचे पूर्वेकडे वाहणारे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळवून १९६२ साली येथील भूमिगत वीजगृहात जनित्रे फिरू लागली, आणि तेव्हापासून उर्वरित महाराष्ट्राला पोफळी म्हटले की वीज आठवते. अक्षरे तीच, उच्चार तोच. अर्थ मात्र निराळा. शिवसागर जलाशयाखाली ज्यांची घरे-शेते गेली, त्यांना त्याच विजेचा उल्लेख आणखी वेगळ्या रीतीने ऐकू येत असणार.

या फळाला संस्कृतात पूगफल म्हणत. त्याचे मराठीत पोफळ झाले. कन्नडात तेच अडके. ते कातरायचा आपला अडकित्ता तिकडूनच आलेला. मल्याळममधला शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि तो ‘अरेका’ होऊन युरोपच्या वनस्पतिशास्त्रात जाऊन बसला. यांपैकी एकाही ध्वनीत त्या फळाचा गोलवा वा तुरटपणा नाही. उच्च दाबाच्या खांबावरील कवटी निरक्षरालाही थोडीबहुत उमजते, कारण मरणाचे कवटीशी नाते डोळ्यांना दिसते. शब्दाचे तसे नसते. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, त्याच्या व्याख्यानांचे पुस्तक निघाले. शब्द आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, समाजाने मान्य केले म्हणूनच ते टिकते, हे त्यातले मुख्य प्रतिपादन होय.

वस्तुतः या वादाला आपल्याकडे फार जुनी परंपरा आहे. मीमांसकांनी शब्दार्थाचे नाते नित्य मानले, तर नैयायिकांनी ते संकेताने ठरते असे म्हटले. मग हा संकेत कोणाचा? प्राचीन नैयायिक म्हणाले, ईश्वराच्या इच्छेचा. नव्यांनी त्यात माणसाच्या इच्छेलाही जागा दिली. वरवर हा पंडिती काथ्याकूट वाटेल. पण अर्थ देवाने ठरविला असेल तर तो बदलण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि माणसांनी ठरविला असेल तर कोणत्या माणसांनी, हा प्रश्न विचारावाच लागतो.

सुपारीकडेच पाहू. घरी मूर्ती नसली तर तांदळावर सुपारी मांडली की ती गणपती होते; पूजा संपताच ती पुन्हा सुपारी. लग्न ठरले की ‘सुपारी फुटली’ म्हणतात. तमाशाचा फड किंवा बँडवाला ठरवून विसार दिला की ‘सुपारी दिली’. येथवर तिचा अर्थ ‘दिलेला शब्द पाळणे’ असाच आहे, आणि अशिक्षित समाजात कागदाचे काम एका फळाने केले, ही काही लहान गोष्ट नव्हे. मुंबईतल्या टोळ्यांनी मात्र हाच शब्द पैसे घेऊन खून करण्यासाठी वापरला. १६ जानेवारी १९९७ रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांची गोळ्या झाडून हत्या झाली, तोपर्यंत तो वृत्तपत्रांच्या रोजच्या भाषेत रुळला होता. मंगलकार्यातला शब्द खुनाला लावला की खून हा एक व्यवहार वाटू लागतो. मारणारा आणि मरणारा दिसतो. पैसे मोजणारा त्या शब्दाआड सुरक्षित राहतो. कार्यकर्त्यांनी तरी तो सहजपणे तोंडी घेऊ नये.

याहून जुना आणि अधिक बोचणारा संकेत पुढेच आहे. धार्मिक विधीला पत्नी शेजारी लागते. ती हयात नसेल तर पुरुषाने कमरेला सुपारी लावून बसावे, अशी सोय रूढीने केली. स्त्रीची जागा एका फळाने भरून निघाली! मग पती गेलेल्या स्त्रीने कमरेला काय लावावे? तिच्यासाठी कोणतीही सुपारी शोधली गेली नाही. उलट तिच्या अंगावर जी चिन्हे होती ती काढून घेतली: कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र तोडले. भाषेत संकेत यादृच्छिक असतो हे खरे. पण रूढीतली यादृच्छिकता नेहमी एकाच बाजूला कलते, हा योगायोग नव्हे. ज्यांच्या हाती पोथी आणि सातबारा होता, त्यांच्याच सोयीने अर्थ ठरले.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनास १०० वर्षे पूर्ण होत असताना, मे २०२२ मध्ये, तेथील ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शंकराचार्यांना विचारले नाही, धर्मशास्त्रात आधार शोधला नाही. गावाने हात वर करून चिन्हांचा अर्थ बदलला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसेच करण्याचे आवाहन केले.

परिपत्रकाने पुसलेले कुंकू परत लागत नाही, हे येथे कोणाला सांगायला नको. शेजारणीने हळदीकुंकवाचे बोलावणे द्यावे लागते, सासूने ते अडवू नये लागते, आणि त्या बाईला स्वतःलाही उंबरा ओलांडण्याचे बळ यावे लागते. कुंकू लावायचे की नाही, हेही मग तिनेच ठरवायचे. आपापल्या ग्रामसभेपुढे असा ठराव कधी आला का, आला असल्यास त्यानंतर गावात पती वारलेल्या स्त्रीच्या बांगड्या फुटल्या की राहिल्या, याची चौकशी या वर्गास आलेल्या प्रत्येकाने घरी गेल्यावर करावी आणि पुढील बैठकीत गावाच्या नावासह सांगावी.