चाप, घोडा आणि बोट



"त्याने घोडा दाबला आणि गोळी सुटली," असे वाक्य आपण गोष्टींत नेहमी वाचतो. बोलण्यात ते चालून जाते. पण नीट पाहिले तर बोटाने ओढतात तो चाप, आणि चाप ओढल्यावर पुढे आपटतो तो घोडा. एवढा भेद ध्यानात ठेवला, म्हणजे आजचा विषय समजायला सोपा जाईल. पिस्तुलांचे प्रकार अनेक आहेत. त्यांतल्या दोहोंची आज तुलना करू: एक सिंगल-ॲक्शन आणि दुसरा स्ट्रायकर-फायर्ड.

पहिला प्रकार उंदराच्या सापळ्यासारखा आहे. सापळ्याची तार आपण मागे ओढून अडकवतो. जोर सगळा आधीच भरलेला असतो. उंदराने दाण्याला तोंड लावले की तार सुटते. सिंगल-ॲक्शनमध्ये घोडा असाच आधी मागे ओढून अडकवावा लागतो. चापाचे काम एकच, अडकलेला घोडा सोडणे. म्हणून नावही तसेच पडले. अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीचे १८७३ सालचे रिव्हॉल्व्हर याच जातीचे. त्यात सहा काडतुसे बसत, पण जाणती माणसे पाचच भरीत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवीत. का? तर घोड्यावर बाहेरून धक्का बसला तरी गोळी उडण्याचे भय असे.

पुढे जॉन ब्राउनिंग या कारागिराने पिस्तूल तयार केले आणि १९११ साली अमेरिकी सैन्याने ते स्वीकारले. एक गोळी उडाली की तिच्याच धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो आणि पुढच्या गोळीसाठी घोडा आपोआप चढतो. चढलेला घोडा डोळ्यांना दिसतो. तो चुकून सुटू नये म्हणून अंगठ्याने लावायचा एक खटका आहे, आणि मुठीच्या मागे दुसरा. मूठ घट्ट धरल्याखेरीज गोळी सुटत नाही. आपल्या लष्करातले ईशापूरच्या कारखान्यात बनलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूलही ब्राउनिंगच्याच नंतरच्या एका नमुन्यावर बेतलेले आणि सिंगल-ॲक्शनच आहे. गावात कोणी निवृत्त जवान असेल, तर त्याला विचारा. अंगठ्याच्या खटक्याची सवय कशी लावून घेतात ते तो सांगेल.

आता दुसरा प्रकार. यात बाहेर घोडाच नसतो. आत स्प्रिंगवर बसवलेली एक सळी असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. ही कल्पना जुनीच, पण ती जगभर पसरली ती ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉक यांच्या पिस्तुलामुळे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते १९८२ साली घेतले. त्याआधी या गृहस्थांनी एकही बंदूक बनवली नव्हती, बरं का! या पिस्तुलाची तऱ्हा अर्धी ताणून धरलेल्या गलोलीसारखी आहे. स्प्रिंग आधी थोडी दाबलेली असते. उरलेला ताण चाप ओढणारे बोट देते आणि मग सळी सुटते. चापाच्या तोंडावर एक बारीक पट्टी आहे. ती दाबली गेल्याशिवाय चाप मागे जात नाही. आतही सळीला अडसर आहे, त्यामुळे पिस्तूल हातातून पडले तरी गोळी उडू नये अशी व्यवस्था आहे.

मग दोहोंत बरे कोणते? सिंगल-ॲक्शनचा चाप हलका आणि थोडकाच सरकणारा, म्हणून नेम चांगला साधतो. पण अंगठ्याचा खटका ऐन घाईत काढायला विसरले तर शस्त्र असून नसल्यासारखे, आणि लावायला विसरले तर तोच हलका चाप घात करतो. ग्लॉकला असा खटका नाही. काढले की तयार, म्हणून पोलिसांना ते सोयीचे वाटते. पण त्याची कुलपे बोटाने चाप ओढताच आपोआप उघडतात. ते बोट जाणून आले की भीतीने, हे यंत्राला कळत नाही. शिवाय सफाईसाठी ग्लॉक उघडताना आधी चाप ओढावा लागतो. आत काडतूस राहिले असेल, तर त्या ओढीसरशी गोळी सुटते.

सांगायचे ते एवढेच, की एकाचे कुलूप अंगठ्याच्या सवयीत आहे, दुसऱ्याचे बोटाच्या सवयीत. माणसाची सावधगिरी दोन्ही ठिकाणी लागतेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना यातले दोन धडे अवश्य द्या. पहिला असा, की मुठीतली काडतुसांची पेटी काढली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे नव्हे. नळीच्या बुडाशी चढलेले एक काडतूस तिथेच राहते. १९११चे कोल्ट काय किंवा ग्लॉक काय, पेटी काढल्यावरही ते उडवू शकते. दुसरा धडा त्याहून सोपा. घोडा दिसो वा न दिसो, कुठे पिस्तूल पडलेले आढळले तर हात लावायचा नाही. दूर व्हायचे, इतरांना दूर ठेवायचे आणि मोठ्या माणसांना सांगून पोलिसांना कळवायचे. ते रिकामे आहे की भरलेले, हे पाहण्याचे काम मुलांचे नव्हे.