छातीचा एक्स-रे : काळी बाजू काय सांगते?



छातीचा एक्स-रे हाती आला की घरातील मंडळी तो उजेडाकडे धरून पाहतात आणि एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळे दिसले की धसका घेतात. काळे म्हणजे कुजलेले किंवा विडीच्या धुराने जळलेले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती निराधार आहे.

जर्मन शास्त्रज्ञ रोंटगेन यांनी १८९५ साली शोधलेले क्ष-किरण हवेतून सहज आरपार जातात व तेथे फिल्म काळी पडते. हाडे ते अडवितात, म्हणून बरगड्या पांढऱ्या दिसतात. यास्तव काळेपणा म्हणजे त्या बाजूस हवा अधिक, अथवा रक्त व मांस कमी, एवढाच बोध घ्यावयाचा असतो.

तज्ज्ञ प्रथम चित्राचीच परीक्षा करतात. फिल्म घेताना रोगी किंचित वळलेला असल्यास एक बाजू काळी येते. शस्त्रक्रियेने स्तन काढलेला असल्यासही तसेच दिसते. कित्येकदा काळी बाजू निरोगी असते आणि दुसरीच पाणी वा सूज यांमुळे पांढुरकी झालेली असते.

त्यानंतर रक्तवाहिन्यांच्या बारीक रेषा पाहिल्या जातात. एका कडेपलीकडे त्या मुळीच दिसत नसतील, तर फुप्फुस आकसून त्याच्याभोवती हवा साठल्याचा संभव असतो. या हवेचा दाब वाढून हृदय दुसऱ्या बाजूस ढकलले गेल्यास प्राणावर बेतते. अशा वेळी एक्स-रेसाठीही न थांबता डॉक्टरांना छातीत सुई घालून हवा बाहेर काढावी लागते.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण ध्यानात ठेवले पाहिजे. श्वासनलिकेच्या शाखेत अडकलेला शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. श्वास घेताना नळी रुंदावून हवा आत शिरते. सोडताना नळी आवळते व हवा कोंडते. फुप्फुस फुगून काळे दिसते. म्हणून श्वास सोडलेल्या स्थितीत दुसरी फिल्म घेतात. तीत निरोगी बाजू लहान व पांढुरकी होते. अडकलेली बाजू तशीच फुगलेली व काळी राहते.

कधी कधी एक्स-रे अगदी निर्दोष दिसतो. म्हणूनच मातेचे किंवा अंगणवाडीतील शिक्षिकेचे शब्द मोलाचे ठरतात. मूल खाता खाता एकाएकी ठसकले होते, हे सांगण्याचे राहून गेले तर आठवडेच्या आठवडे खोकल्याचे औषध चालू राहते आणि फुप्फुसाची हानी होत जाते. वेळीच समजल्यास दुर्बिणीच्या साहाय्याने दाणा काढता येतो.

तेव्हा चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, काजू वा फुटाणे देऊ नयेत. चिंचोके त्यांच्या हाती लागू देऊ नयेत. मूल ठसकले आणि नंतर खोकला वा घरघर राहिली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तोंडात काय होते ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.