चोर सोडून संन्याशाला सुळी



शिक्षण संस्थेच्या समारंभात पोलिसांचा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु कायद्याची ओळख हाही शिक्षणाचाच भाग आहे, आणि ती नसल्याची किंमत फार जबर पडते.

‘कर नाही त्याला डर कशाला’ असे आपण मुलांना सांगतो. मालेगावची हकीकत मात्र वेगळे सांगते. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर तेथे बडा कब्रस्तान आणि मुशावरत चौकात बॉम्बस्फोट झाले. तीसहून अधिक माणसे दगावली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुसलमान इसमांना आरोपी केले. २०११ साली तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. तिला या नऊ जणांविरुद्ध पुरावा आढळला नाही. त्याच वर्षी त्यांना जामीन मिळाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर साडेनऊ वर्षे लोटली होती. एक जण निकाल ऐकायला हयात नव्हता.

नुकसान त्या नऊ घरांचेच झाले काय? ज्यांची माणसे त्या दिवशी गेली, त्यांचेही झाले. तपास भलत्या वाटेने गेला आणि या गुन्ह्यात आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. संन्याशाला सुळी दिली की चोर मोकळा राहतो, हा म्हणीचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. पोलिसांना जाब विचारणे म्हणजे आरोपीची कड घेणे नव्हे. ती फिर्यादीचीही गरज आहे.

आपल्याच जिल्ह्यात, पुसदला, २०१५ साली बकरी ईदच्या दिवशी मशिदीबाहेर बंदोबस्तावरील पोलिसांवर सुरीहल्ला झाला. हल्ला हा गुन्हाच, आणि त्याबद्दल एका तरुणाला शिक्षाही झाली. पण त्याच्यासह तिघांवर दहशतवादी कटाचाही आरोप होता. तो सिद्ध झाला नाही, असे अकोल्याच्या विशेष न्यायालयाने २०१९ साली ठरविले. केवळ ‘जिहाद’ हा शब्द वापरल्याने कोणी दहशतवादी ठरत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. जेवढा पुरावा तेवढीच शिक्षा, यालाच न्याय म्हणावयाचे.

हा प्रश्न एका जमातीचाही नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना केरळ पोलिसांनी १९९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून पकडले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपये भरपाई देवविली आणि संबंधित अधिकाऱ्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली. त्यासाठी चोवीस वर्षे लागली. अशा भरपाईसाठी कायद्यात खास तरतूद करावी, अशी शिफारस विधी आयोगाने त्याच वर्षी केली; ती तरतूद अजून झालेली नाही.

मग आपण काय करावे? मालेगावचे स्फोट झाले त्याच महिन्यात, २२ सप्टेंबर २००६ रोजी, प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात तशी तरतूद केली. बेकायदा अटक वा कोठडीतील मारहाण याची तक्रार तेथे करता येते. पण तक्रार कागदावर उभी राहते, रडण्यावर नव्हे. म्हणून पालकांनो, पुढील गोष्टी पाठ असू द्या. अटकेची नोंद तारीख-वेळेसह लेखी व्हावी लागते आणि तीवर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातील प्रतिष्ठित नागरिकाची सही लागते. अटक झाल्याचे नातेवाइकाला कळवावे लागते. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. फिर्याद आपण दिली असेल तर एफआयआरची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या.

जबाबदारी आपलीही आहे. न वाचता पंचनाम्यावर पंच म्हणून सही करणारा इसम तपास बिघडविण्यात भागीदार होतो. बांधाच्या भांडणावरून शेजाऱ्यावर खोटी फिर्याद ठोकणे हाही गुन्हाच आहे. एकदा खोटे बोललेल्या वस्तीची खरी तक्रारही मग कोणी मनावर घेत नाही.

विद्यार्थी मित्रहो, डॉक्टर-इंजिनियर अवश्य व्हा. पण तुमच्यापैकी काहींनी वकील व्हावे, न्यायवैद्यक शास्त्र शिकावे, पोलीस भरतीच्या मैदानावर उतरावे. ठाण्यात पंचनामा प्रामाणिकपणे लिहिणारा एक जमादार एखाद्या निरपराध माणसाची दहा वर्षे वाचवू शकतो. ती जागा तुम्ही घ्यावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी माझे दोन शब्द संपवितो.