सरपटणाऱ्या प्राण्यांचे पथ्य

मराठीत ‘पाळणे’ हे क्रियापद जनावरासाठी वापरले जाते, तसेच ते पथ्यासाठी, व्रतासाठी आणि दिलेल्या शब्दासाठीही वापरले जाते. गाय, कुत्रा, मांजर यांच्या बाबतीत यातला पहिला अर्थ पुरतो, कारण हजारो वर्षांच्या सहवासाने आणि पिढ्यानपिढ्या केलेल्या निवडीने हे प्राणी रक्तातूनच माणसाळलेले आहेत. अलीकडे शहरांतून मात्र पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन, मध्य व दक्षिण अमेरिकेतला हिरवा इग्वाना, मिसिसिपीच्या खोऱ्यातले लाल कानाचे कासव असे ‘एक्झॉटिक’, म्हणजे परदेशी वन्य कुळांतले, प्राणी हौसेने ठेवले जाऊ लागले आहेत आणि तेथे त्या क्रियापदाचा दुसरा अर्थच अधिक खरा ठरतो. हे प्राणी फार तर हाताळण्याला सरावतात. ठेवणाऱ्याला जन्मभर पाळावे लागते ते त्यांचे पथ्य.

सरपटणारे प्राणी शीतरक्ती असतात असे शाळेत शिकवले जाते, पण ही संज्ञा फसवी आहे. उन्हात पहुडलेल्या सरड्याचे रक्त माणसाच्या रक्ताइतकेच ऊबदार असू शकते. फरक एवढाच की ती ऊब त्याच्या शरीरात तयार होत नाही, ती त्याला बाहेरून मिळवावी लागते. म्हणून तो दिवसभर उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जागा बदलत राहतो, आणि त्याचे पचन, त्याची रोगप्रतिकारशक्ती, त्याची हालचाल ही सारी या येरझारांवर अवलंबून असतात. काचेच्या पेटीत त्याला ठेवायचे तर एका टोकाला इग्वानासारख्याला लागणारी सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा अशी उतरती तापमानरचना रोज राखावी लागते. सगळी पेटी सारखीच तापवली, तर प्राण्याला निवडीची सोयच राहत नाही.

उष्णतेइतकाच प्रकाशही निर्णायक असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी ‘ब’ प्रकारचे किरण त्वचेवर पडले की इग्वानाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या आधाराने अन्नातले कॅल्शियम शोषले जाते. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते, त्यामुळे खिडकीशी ठेवलेली पेटी दिसायला उन्हात असली तरी आतला प्राणी या किरणांच्या बाबतीत अंधारातच असतो. मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढू लागते, खालचा जबडा रबरासारखा मऊ पडतो, आणि कमकुवत झालेल्या हाडांभोवती तंतुमय ऊतक साठून मांड्या फुगतात. याला चयापचयजन्य अस्थिविकार म्हणतात. यातली सर्वांत क्लेशदायक गोष्ट अशी, की फुगलेल्या मांड्यांचा तो प्राणी घरच्यांना गुटगुटीत वाटतो.

हा चुकीचा अर्थ लावण्याचा दोष महाराष्ट्राला नवा नाही. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो हे पिढ्यानपिढ्या भक्तिभावाने पाहिले गेले. वस्तुतः दूध हे सापाचे अन्नच नाही, आणि कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला नाग समोर येईल तो द्रव पितो. तहानेला प्रसन्नता समजले गेले. आज गळ्यात गुंडाळलेला बॉल पायथन शांत बसला की त्याला माया लागली असे म्हटले जाते, पण माणसाच्या अंगाची ऊब घेणे आणि धोका जाणवताच आक्रसून निश्चल होणे हे दोन्ही त्याचे स्वभावधर्म आहेत. भ्याला की डोके आत घेऊन तो चेंडूसारखा गोळा होतो, म्हणूनच त्याला हे नाव पडले. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. कात टाकण्याआधी तो खवला निळसर दुधी होतो आणि हवा फार कोरडी असेल, जशी वातानुकूलित खोलीत असते, तर जुना खवला डोळ्यावर तसाच चिकटून राहतो. अशा चेहऱ्यावर दुःख दिसत नाही, कारण ते दाखवणारे स्नायूच तेथे नाहीत.

शिवाय या प्राण्यांचा काळ संथ असतो. सापाचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या जेमतेम दहाव्या भागाइतका असल्याने उपाशी कुत्रा दोन दिवसांत जे दाखवून देतो ते दाखवायला अजगराला महिने लागतात, आणि चुकीच्या आहाराची वा उजेडाची फळे कधीकधी वर्षांनी दिसतात. जिवंत आहे म्हणजे बरा आहे, हा निष्कर्ष याच संथपणामुळे येथे घातक ठरतो. जाणकार, अभ्यासू पालक असतात हे नाकारण्याचे कारण नाही, आणि रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७६ साली चेन्नईजवळ उभ्या राहिलेल्या मगर संवर्धन केंद्रासारख्या संस्थांनी बंदिस्त संगोपनातून मोठे कार्य केले आहे. पण ते शास्त्र सदनिकेच्या दिवाणखान्यात सहजासहजी मावत नाही.

जे मावत नाही ते बाहेर टाकले जाते. लाल कानाचे कासव विकत घेताना रुपयाच्या नाण्याएवढे दिसते, पण त्याची पाठ २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि ते वीस-तीस वर्षे जगते. कंटाळलेले लोक ते जवळच्या तळ्यात सोडतात, तेथे ते देशी कासवांशी अन्नासाठी आणि ऊन खाण्याच्या जागांसाठी स्पर्धा करते. जगातील शंभर सर्वाधिक घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेल्या ब्रह्मी अजगरांचे राज्य झाल्यावर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

भारतीय कायद्याने या प्रश्नाची दखल उशिरा घेतली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण, अजगर, घोरपड, तारांकित कासव हे देशी प्राणी घरी ठेवणे गुन्हा ठरला, पण परदेशी प्राणी दीर्घकाळ त्याच्या कक्षेबाहेर राहिले. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ या कराराच्या यादीतील प्रजाती २०२२च्या दुरुस्तीने कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २०२४च्या नियमांनी अशा प्राण्यांची ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक केली. नोंदणीने मालकी कळते, जन्म-मृत्यूचा हिशेब राहतो. पण बँकॉकहून मुंबईला उतरणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत कोंबलेले साप आणि सरडे सीमाशुल्क अधिकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सापडतात, याचा अर्थ मागणी अजून ओसरलेली नाही.

ज्याच्या घरी असा प्राणी आधीच आहे त्याने त्याची नोंदणी झाली आहे की नाही ते पाहावे, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला तो दाखवावा, आणि ठेवणे अशक्य झाले तर वनविभागाशी संपर्क साधावा. तळ्यात, नदीत किंवा डोंगरावर तो कदापि सोडू नये. ज्याच्या घरी तो अजून आलेला नाही, त्याने तो आणू नये.