आधाराचा दगड आणि आकाशातील उपग्रह
(मुळगाव येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. भूमापन हा माझा विषय नव्हे. तरीही आज त्याविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण शास्त्रज्ञाची भाषा लोकांच्या भाषेत आणणे हे माझ्या खात्याचे कामच आहे. आणि मुळगावइतकी हद्दीची चिंता क्वचितच दुसऱ्या गावाला असेल. सन २०२२ च्या डिसेंबरमध्ये डिचोलीच्या सुमारे ४७८ हेक्टरांच्या खनिज गटाचा लिलाव झाला. तेव्हापासून घरे, देवळे, तळी आणि शेते खाणपट्ट्यातून वगळावीत व हद्द जमिनीवर आखून द्यावी, अशी मागणी या गावाने वारंवार केली आहे. त्या मागणीचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु हद्द आखली जाते ती कशी, आणि ती तपासावी कशी, हे जाणण्याचा अधिकार आपणा सर्वांना निश्चित आहे.

प्रथम घरची गोष्ट सांगतो. पेडणे तालुक्यातील आमच्या शेताच्या मेरेवरून माझ्या वडिलांचे चुलत्यांशी कित्येक वर्षे बोलणे नव्हते. साखळीने मोजणी झाली होती, प्रत्येक बाजूची लांबी कागदाशी जुळत होती. तरी शेत चुलत्यांच्या जागेत सरकलेले दिसे. पुढे उलगडा झाला तो असा की, ज्या दगडापासून मोजावयास आरंभ केला, तोच दगड मूळच्या जागी नव्हता. मापे सगळी खरी, पण आरंभ खोटा! आज मोजणी उपग्रहांच्या साह्याने होते, परंतु ही गोष्ट तिलाही तंतोतंत लागू पडते.

जी.पी.एस.चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. रशिया, युरोप व चीन यांचेही असे उपग्रह आहेत, आणि आपल्या देशाची ‘नाविक’ ही प्रणाली आहे. या सर्वांना मिळून जी.एन.एस.एस. म्हणतात. उपग्रहाकडून निघालेला संदेश यंत्रापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून अंतर काढले जाते. प्रकाशाच्या वेगाने येणारा हा संदेश एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात ३० सेंटिमीटर अंतर कापतो. तेव्हा घड्याळात तिळमात्र फरक पडला, उपग्रहाची कक्षा किंचित चुकली, किंवा वातावरणाने संदेशाला थोडा विलंब लावला, तर एकट्या यंत्राने दाखविलेली जागा काही मीटरांनी चुकू शकते.

यावर भूमापकांनी उपाय योजला तो दोन यंत्रांचा. एक यंत्र तिवईवर एका जागी स्थिर ठेवावयाचे. त्याला आपण आधारकेंद्र म्हणू. दुसरे हाती घेऊन बांधाबांधाने फिरावयाचे. दोन्ही यंत्रे जवळजवळ असल्यामुळे आकाशातून येणाऱ्या चुका दोघांनाही जवळपास सारख्याच बाधतात आणि वजाबाकीत नाहीशा होतात. त्यामुळे आधारकेंद्रापासून प्रत्येक दगडाचे अंतर एकदोन सेंटिमीटरपर्यंत बिनचूक मिळू शकते.

परंतु आधारकेंद्राची स्वतःची जागा कोणती? पुष्कळदा काम सुरू करताना यंत्राने त्या क्षणी दाखविलेली अंदाजी जागाच गृहीत धरली जाते. ती मीटर-दोन मीटर चुकली, तर सगळे बिंदू तितकेच आणि त्याच दिशेला सरकतात. चटईवरील नक्षी जशीच्या तशी राहावी, पण चटईच खोलीत भलत्या जागी अंथरली जावी, तसा हा प्रकार होय.

सुदैवाने ही चूक मागाहून दुरुस्त करता येते. आधारकेंद्राने काही तास उपग्रहांचे मूळ संदेश नोंदवून ठेवलेले असले पाहिजेत. जगभरची केंद्रे उपग्रहांच्या कक्षा व घड्याळे यांचे सूक्ष्म गणित करून ते प्रसिद्ध करतात. त्याचे अंतिम आकडे सुमारे दोन आठवड्यांनी मिळतात. ते वापरून, अथवा भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर उभारलेल्या अखंड चालणाऱ्या संदर्भकेंद्रांशी जोडून, आधारकेंद्राची खरी जागा काढता येते.

शिक्षक मित्रांनी हे उदाहरण फळ्यावर मांडावे. समजा, खरी जागा गृहीत जागेच्या १.२० मीटर पूर्वेस आणि ०.९० मीटर दक्षिणेस निघाली. मग मोजलेला प्रत्येक बिंदू १.२० मीटर पूर्वेस व ०.९० मीटर दक्षिणेस न्यावयाचा. एकूण सरक किती? काटकोन त्रिकोणाच्या नियमाने बरोबर १.५० मीटर. मेरेला लागून असलेल्या घराची पडवी आत की बाहेर, हे ठरविण्यास दीड मीटर पुरेसा आहे.

याच उदाहरणात ग्रामस्थांसाठी एक कसोटी दडलेली आहे. ही दुरुस्ती सर्व बिंदूंना सारखीच लागते. एकाचा दगड हलला आणि शेजाऱ्याचा राहिला, असे होऊ शकत नाही. दुरुस्तीपूर्वी दोन दगडांत जे अंतर होते, तेच नंतरही राहिले पाहिजे. ते साध्या फितीने पडताळता येते.

अधिकारी मित्रांना चार गोष्टी विनवितो. मूळ नोंदींची फाईल जपून ठेवावी. ती हरवली तर पुढे ही दुरुस्ती करणे शक्य नाही. यंत्राची उंची दोनदा मोजून लिहावी. तिवईला धक्का लागला, तर त्यापूर्वीचे व त्यानंतरचे बिंदू वेगळे मानावेत. आणि आधारकेंद्र कुळागरातील माडापोफळींखाली न लावता उघड्या सड्यावर लावावे. तसेच आकडे कोणत्या पद्धतीचे व कोणत्या वर्षाचे, हे नकाशावर नोंदवावे. कारण आपला भूखंड दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. वीस वर्षांत तोच फरक एक मीटर होतो.

मात्र या शास्त्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. दगड कोठे आहे, हे उपग्रह सांगेल. तो दगड हद्दीचा आहे की नाही, हे सांगणार नाही. ते जुने नकाशे, एक-चौदाचा उतारा, कोमुनिदादची दप्तरे आणि संबंधितांची सुनावणी यांवरूनच ठरते. शिवाय एकास दोन हजार प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर एक मीटर रुंद होते, हेही विसरता कामा नये.

म्हणून मोजणीदार गावात येतील तेव्हा त्यांना अडवू नका, पण विचारल्यावाचूनही सोडू नका. आधारकेंद्र कोठे लावले? त्याची जागा कशावरून घेतली? मूळ नोंदी ठेवल्या आहेत काय? दुरुस्तीचा आकडा किती निघाला? हे चार प्रश्न नम्रपणे विचारावेत, आणि अधिकाऱ्यांनी त्यांची उत्तरे लेखी द्यावीत. आमच्या घरी कोणी आरंभाच्या दगडाविषयी वेळीच विचारले असते, तर माझ्या वडिलांना आपल्या भावाशी बोलता आले असते. केळबाईच्या या गावात तशी पाळी कोणावर न येवो, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.